कॅमेरा कुणाच्या हाती?



आपल्या बैठकांत हुंडा, मारहाण, पोटगी यांवर तासन्‌तास बोलले जाते. शिक्षकांचे प्रशिक्षण हा विषय मात्र ‘शिक्षण खात्याचा’ म्हणून बाजूला राहतो. मला हे पटत नाही. गप्प बसायला मुलगी घरी शिकते, पण तो धडा पक्का होतो शाळेत. तिथे बोलके व्हायचे की मुके, हे ज्यांच्या हाती असते त्या शिक्षक-शिक्षिका घडतात कशा, हा म्हणूनच आपला प्रश्न आहे.

१९६९ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणात एक रीत आणली. आधी व्याख्यान नाही, आधी अडचण. गटाने ती समजून घ्यायची, आपल्याला काय ठाऊक नाही ते ठरवायचे, शोधायचे आणि पुन्हा एकत्र बसायचे. ही रीत आपल्याला परकी नाही. एकीने आपले दुखणे सांगावे, दुसरीने ‘माझेही असेच’ म्हणावे आणि त्यातून कारणांचा शोध सुरू व्हावा, हेच आपण शिबिरांतून करत आलो.

त्याआधी, १९६०च्या दशकात, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन सुरू झाले होते. काही मिनिटांचा पाठ, त्याचे चित्रीकरण, चर्चा, पुन्हा पाठ. आपल्या बी.एड.मध्ये ते आले, पण कॅमेऱ्याची जागा बहुधा निरीक्षण-तक्त्याने घेतली. आज हातातल्या फोनवर चित्रीकरण होते. तेव्हा या दोन रीती एकत्र का आणू नयेत?

समजा, समस्या अशी : ‘सातवीच्या वर्गात मुली उत्तरे देत नाहीत.’ प्रशिक्षणार्थींनी एकमेकींचे दहा मिनिटांचे पाठ चित्रित करावेत आणि मोजावे. मुलांना किती प्रश्न विचारले, मुलींना किती? उत्तरासाठी कुणापुढे किती वेळ थांबलो? फळा पुसायला कुणाला उठवले? ‘मी सगळ्यांना सारखेच वागवते’ हे प्रत्येकीला मनापासून वाटत असते. मायरा आणि डेव्हिड सॅडकर यांनी १९९४च्या पुस्तकात अमेरिकी वर्गांबद्दल हेच दाखवले : शिक्षकांचे लक्ष मुलग्यांकडे अधिक जाते, आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नाही. उपदेशाने हा समज जात नाही. स्वतःचा पाठ पडद्यावर पाहिला की हलतो.

यंत्र बायकांना झेपत नाही, ही सबब तर केव्हाच निकालात निघाली. १९८४ साली अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत निरक्षर कष्टकरी बायकाही व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या.

आता आभासी वर्गही आले आहेत. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या ‘टीचलाइव्ह’मध्ये पडद्यावरच्या आभासी मुलांपुढे शिकवण्याचा सराव होतो; हात चुकला तरी खऱ्या लेकराला इजा नाही. फायदा मोठा आहे. पण ही मुले रेखाटतो कोण? ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली आणि हंगाम संपल्यावर वर्गात परतलेली मुलगी त्यात असेल का? संडासाला दार नाही म्हणून महिन्याचे चार दिवस घरी राहणारी?

आपल्याकडे २०१७ साली ‘दीक्षा’ आले, २०२० साली ‘निष्ठा’ प्रशिक्षण त्यावर ऑनलाइन झाले. दूरच्या शिक्षिकेपर्यंत साहित्य पोचले, हे चांगलेच. मात्र वरून आलेली चित्रफीत पाहून प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे समस्येतून शिकणे नव्हे. शिवाय शाळेबाहेरच्या वेळातले प्रशिक्षण पुरुषाच्या आरामखुर्चीत होते, बाईचे चुलीपुढे. साधनांचे वाटपही सारखे नाही : २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया १००त ३३ होत्या, पुरुष ५७.

आणखी एक धोका आहे. तोच कॅमेरा वरिष्ठांच्या हाती गेला की पहारा होतो. म्हणून अध्यापक विद्यालयांत सत्रे घेणाऱ्या गटांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला वाटते. समस्या प्रशिक्षणार्थींनी आपल्या शाळांतून आणाव्यात. चित्रण शिकणाऱ्या गटाकडेच राहावे, मूल्यमापनासाठी वापरू नये. आणि मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीशिवाय टिपू नयेत. २०२३चा डिजिटल माहिती-संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. आपण त्या मुलीलाही विचारावे.

‘नको’ म्हणण्याचा हक्क तिला तिथेच कळला, तर तोही एक पाठच ठरेल.