पंढरीचा रस्ता रुंद होणार, पण कोणाच्या पोटावरून ?

पंढरपूर क्षेत्रीं विठ्ठलाच्या देवळाभोंवतालचीं घरें-दुकानें पाडून मोठा मोकळा मार्ग करण्याची योजना सरकारनें २०२२ सालीं पुढें आणली आणि तेव्हांपासून तेथें वाद माजला. काशीस विश्वनाथाच्या देवळाभोंवतीं तीनशेंहून अधिक मिळकती घेऊन कॉरिडॉर केला, त्याचें उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजीं झालें. त्याच धर्तीवर पंढरीस व्हावें असा मनसुबा. एका बाजूस सरकारी अंमलदार, दुसऱ्या बाजूस घरमालक व मोठे दुकानदार. सभा झाल्या, निवेदनें गेलीं. या गलबल्यांत ज्यांच्याजवळ ना सातबारा, ना सिटी सर्व्हेचा उतारा, त्यांचें नांव घेणारे फार थोडे.

सुधारणा नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. आषाढीस लाखों वारकरी जमतात ते आमचेच कुणबी, माळी, धनगर, कुंभार. शेंकडों मैल पायीं आलेला म्हातारा रांगेंत तासन् तास तिष्ठतो, बायाबापड्यांस आडोसा मिळत नाहीं, आणि त्या बोळांतून चेंगराचेंगरी झाली तर पळावयास वाट नाहीं. बोळ म्हणजे कांहीं धर्म नव्हे. जुन्या वाड्यांचा कळवळा सांगणाऱ्यांपैकीं कित्येकांचें दुखणें वाड्याचें नसून त्याच्या भाड्याचें आहे, हें आम्ही जाणतों.

परंतु तुळशीच्या माळा ओवणारा, बुक्का-कुंकवाची पाटी घेऊन बसणारी, लाह्या-बत्ताशांचा गाडेवाला, घोंगड्या विकणारा, टाळ-मृदंग दुरुस्त करणारा, यांचें काय ? यांचा धंदा देवळाच्या वाटेवरच. वाटेपासून अर्धा कोस दूर नेऊन पक्का गाळा दिला तरी तेथें गिऱ्हाईक कोण येणार ? चार वाऱ्यांच्या कमाईवर यांचें वर्ष निघतें. एक आषाढी बुडाली म्हणजे सावकाराचें दार ठरलेलें.

यांस कायद्याचा आधार मुळींच नाहीं असें नाहीं. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा सांगतो कीं, शहरांत तीन वर्षें राहणारें, किंवा तीन वर्षांपासून ज्यांची मुख्य उपजीविका त्या जागेवर चालते तें कुटुंबही बाधित समजावें, मग जागा त्याच्या मालकीची नसली तरी चालेल. सामाजिक परिणामांची चौकशी करून जाहीर सुनावणी घेण्याचेंही त्यांत आहे. पण यांत एक चोरवाट आहे, ती आमच्या बंधूंनीं नीट ध्यानांत घ्यावी. सरकारनें मालकाशीं राजीखुषीनें खरेदीखत केलें कीं कागदावर सही मालकाची, पैसा मालकाचा. वीस वर्षें ओसरी भाड्यानें घेऊन बसलेल्याच्या हातीं पावतीसुद्धां नसते. मालकानें ती कधीं दिलेलीच नसते! तो आपला हक्क शाबीत करीत बसेपर्यंत ओसरी उरत नाहीं. फेरीवाल्यांसाठीं २०१४ चा निराळा कायदा आहे. त्याप्रमाणें शहराच्या समितींत निदान शेंकडा ४० सभासद फेरीवाल्यांनीं निवडलेले हवेत व त्यांत एकतृतीयांश बाया हव्यात. ही गोष्ट किती पाटीवाल्या बायांच्या कानीं गेली असेल ? आमच्या शाळेंतल्या पोरांसही कळतें कीं, जें मोजलें नाहीं त्याची वजाबाकी करावी लागत नाहीं. अंमलदारांचें गणित याच सोयीवर चालतें.

या देवळाची पायरी बहुजनांस सहजीं मिळालेली नाहीं. अस्पृश्य बंधूंस आंत घ्यावें म्हणून १९४७ सालीं साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा निकाल सर्वोच्च न्यायालयांत लागला तो २०१४ सालीं, म्हणजे १९७३ चा कायदा झाल्यावर चाळीस वर्षांनीं. इतक्या खटपटीनें मोकळी झालेली पायरी आतां ठेकेदार-बडव्यांच्या हातीं जावी काय ? नव्या मार्गावरचे गाळे लिलावानें दिले म्हणजे अनामतीची रक्कम पाहूनच माळवाला परत फिरेल, आणि तेथें परगांवचा भांडवलवाला बसेल.

म्हणून आमची मागणी अशी कीं, एकही खरेदीखत होण्यापूर्वीं देवळाभोंवतालच्या प्रत्येक ओसरीची, गाड्याची व पाटीची मोजणी व्हावी. पावती नसल्यास शेजाऱ्यांची साक्ष व विजेचें बिल पुरावा धरावें. जुन्या धंदेवाल्यांस गाळे त्याच वाटेवर, लिलावाशिवाय मिळावेत. आणि सुनावणी कचेरींत भर दुपारीं न घेतां वारीच्या मुक्कामीं घ्यावी, म्हणजे ज्याच्या नांवानें हें सारें चाललें आहे त्या वारकऱ्यासही दोन शब्द बोलतां येतील.