न्यू मून म्हणजे अमावास्या

२०२५ च्या जुलैमध्ये माझ्या भाचीने शिलाईचं दुकान काढायचं ठरवलं. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा. फॉल-पिको, ब्लाउज, सलवार-कुर्ता. दोन मशिनी, एक माहेरून आलेली, दुसरी हप्त्यावर. भाडं महिना साडेतीन हजार, तेही १ जुलैपासून चालू. पण मुहर्रम चालू होता. मुहर्रममध्ये नवं काम कसं सुरू करायचं, म्हणून कुलूप तसंच राहिलं.

एका दुपारी तिचा फोन आला. आवाजात उत्साह. "खाला, २४ तारखेला न्यू मून आहे. त्या रात्री मनातल्या दहा गोष्टी कागदावर लिहायच्या, म्हणजे वर्षभरात होतात. सिंह राशीतला आहे, धंद्यासाठी एकदम चांगला." मोबाइलवर रील पाहिलं होतं तिने. मी विचारलं, हे कुठून काढलंस? म्हणाली, "अगं नया चाँद आहे ना, आपलाच तर आहे."

मी म्हटलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघ, २४ जुलैला काय लिहिलंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग दबलेल्या आवाजात, "अमावास?"

तिच्या सासरी अमावास्येला केस धुवायचे नाहीत, तिन्हीसांजेला लेकरांना बाहेर सोडायचं नाही. ही पद्धत शेजाऱ्यांकडून आली की आपली स्वतःची, कोण सांगणार? शतकानुशतकं एका गल्लीत राहिल्यावर भीतीचीही देवाणघेवाण होते. तर त्या अमावास्येला तिने दहा इच्छा काही लिहिल्या नाहीत.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. भाषांतरातल्या अशा गमती रोजच्याच. इंग्रजीतला 'न्यू मून' म्हणजे चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला आलेले, चंद्राचा उजेडाचा भाग आपल्याकडे पाठ करून असलेला. संस्कृतात त्यालाच अमावास्या म्हणतात. 'अमा' म्हणजे सोबत. दोघांनी सोबत राहण्याचा दिवस. किती साधं नाव आहे, त्यात वाईट कुठेच नाही. आपला 'नया चाँद', हिलाल, मात्र त्यानंतरचा. सूर्यापासून पुरेसा दूर सरकून संध्याकाळी पश्चिमेला नखाएवढा दिसतो तो. त्या दोन्हींमध्ये एखादा दिवस, कधी दोन दिवस जातात. इंग्रजीत लोक दोन्हींना सर्रास एकच शब्द वापरतात आणि आमच्या भाचीसारख्या पोरी मधल्यामध्ये अडकतात.

आणखी एक गंमत. त्या रात्रीचा न्यू मून पाश्चात्य ज्योतिषाप्रमाणे सिंह राशीत होता. आपल्याकडच्या पंचांगाप्रमाणे कर्केत. रात्र तीच, चंद्रही तोच. दोन्ही पद्धतींत राशी मोजायची सुरुवात सुमारे २४ अंशांच्या फरकाने होते, म्हणून अशी आख्खी रास बदलते. मग भाचीच्या धंद्यासाठी सिंहाचं फळ धरायचं की कर्केचं? उर्दू जंतऱ्यांमध्ये 'कमर दर अकरब' छापलेलं असतं, म्हणजे चंद्र वृश्चिकेत. दर महिन्याला सव्वादोन दिवस येतो तो. त्या दिवसांत निकाह नको, सफर नको, सौदा नको. पण कुठल्या वृश्चिकेत, हा प्रश्न तिथेही आहेच.

चंद्राचा पृथ्वीवर परिणामच नाही, असं मी म्हणत नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. रत्नागिरीकडचे आपले दालदी मच्छीमार ते पाहूनच होडी काढतात. तो हिशोब पिढ्यान्‌पिढ्या बरोबर येतो. कुंडलीच्या हिशोबाची गोष्ट वेगळी. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या होत्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन ओळखायला सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आलीच असती.

मुळात अमावास्या सगळीकडे वाईट आहे असंही नाही. आमच्या लातूर भागात मार्गशीर्षातली वेळ अमावास्या असते, तिला सगळे येळवस म्हणतात. त्या दिवशी शहर रिकामं आणि शेतं भरलेली. भज्जी, उंडे, मडक्यात आंबील. ज्याला शेत नाही तो शेजाऱ्याच्या शेतावर जातो. लहानपणापासून आम्ही जात आलोय, आणि अमावास्येला शेतात बसून पोटभर जेवल्याने कुणाचं काही बिघडल्याचं मला आठवत नाही. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन अमावास्येलाच. आषाढी अमावास्या जवळ आली की श्रावणाच्या धास्तीने मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. आमच्या मोहल्ल्यातल्या खाटकांना विचारा, अमावास्या शुभ की अशुभ.

आता मूळ गोष्टीकडे येते. न्यू मून गेला, चाँद दिसला आणि सफर महिना लागला. भाचीच्या सासूबाईंनी सांगितलं, "भारी महिना है बेटा, नक्को." आमच्याकडे जुन्या बायका सफरला सफर म्हणतच नाहीत, तेरा तेजी म्हणतात. पहिले तेरा दिवस जड, बला उतरण्याचे. तेराव्याला अंडी, उडीद, तेल असं उशाशी ठेवून सकाळी सदका द्यायचा. मीही लहानपणी उशाशी अंडी ठेवून झोपलेय. फुटतील या काळजीने रात्रभर कूस बदलली नव्हती.

त्याच चंद्रकोरीबरोबर शेजारी श्रावण लागला होता. आपला आणि महाराष्ट्रातल्या हिंदूंचा, दोघांचाही महिना अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे हे असं होतं. भिंतीच्या पलीकडे वर्षातला सगळ्यात पवित्र महिना आणि अलीकडे सगळ्यात जड. मधली भिंत नऊ इंचांची. आणि हे कायमचंही नाही. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, तिकडे अधिक महिना धरून मेळ बसवतात. त्यामुळे सफर काही वर्षांनी वैशाखात असेल, मग फाल्गुनात. या महिन्याच्या अंगात काही दोष असता, तर तो कुठल्या ऋतूत, कुठल्या नक्षत्रात राहतो हे तरी ठरलेलं असायला हवं होतं.

श्रावण म्हणजे फॉल-पिकोवाल्यांचा हंगाम. नागपंचमी, मंगळागौर, राखी. नव्या साड्या निघतात, घाईघाईत ब्लाउज शिवायला टाकले जातात. आणि भाची कुलूप लावलेल्या गाळ्याचं भाडं भरत होती. समोरच्या टेलरकडे पंचमीच्या आधी रात्री अकरापर्यंत मशीन चालू होती, हे तिनेच मला सांगितलं.

हदीसमध्ये सफरचं नाव घेऊन सांगितलंय की त्यात अपशकुन नाही. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ते आहे. नव्या चंद्राबद्दल लोकांनी विचारलं तेव्हा कुरआनने दिलेलं उत्तरही अगदी साधं आहे (सूरह बकरा, आयत १८९). लोकांना काळ मोजता यावा आणि हजचे दिवस कळावेत, यासाठी या कोरी आहेत. बस. कॅलेंडर. इस्लामपूर्व अरबस्तानात शव्वालमध्ये लग्न अशुभ मानत. हजरत आयशा मुद्दाम सांगत की त्यांचा निकाह शव्वालमधलाच होता. आज आमच्याकडे शव्वालमध्ये लग्नांचा धडाका असतो, पण पुढचा महिना 'खाली' म्हणून टाळतात, कारण काय, तर तो दोन ईदच्या मध्ये येतो! एक भीती काढली की आपण दुसरी आणून ठेवतो.

हे सगळं घेऊन मी सासूबाईंकडे गेले. बीएड केलेली बाई, हदीस तोंडपाठ, वर नारळीकरांचे आकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाल्या, "आपा, माझा थोरला सफरमध्येच गेला. तेराव्या दिवशी. मी त्या वर्षी सदका दिला नव्हता."

मला याची कल्पना नव्हती. माझ्याकडचं सगळं ज्ञान त्या कपात बुडालं म्हणा ना. या बाईला अंधश्रद्धाळू म्हणणं किती सोपं. तिने वीस वर्षं स्वतःलाच दोषी धरलंय आणि आता सुनेच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करायची नाही, एवढंच तिचं म्हणणं.

थोड्या वेळाने मला सुचलं ते हजरत इब्राहीमचं, आपल्या पैगंबरांच्या मुलाचं. दोन वर्षांचाही नव्हता. तो गेला त्या दिवशी मदीनेत सूर्याला ग्रहण लागलं. लोक आपसात बोलू लागले, पैगंबरांचं लेकरू गेलं म्हणून सूर्यही काळा पडला. ज्या बापाचं मूल गेलंय त्याला हे ऐकून थोडं तरी बरं वाटलं असतं. पण त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणासाठी किंवा जगण्यासाठी ग्रहण लागत नसतं. डोळ्यांत पाणी असताना सांगितलं. मी सासूबाईंना म्हटलं, अम्मा, त्यांच्या लेकरासाठी आकाश हललं नाही, मग तुमच्या लेकरासाठी महिना कसा वाईट होईल? आणि तुमच्या अंड्या-उडदाने तो वाचणार होता, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि उठून भांडी घासायला लागल्या.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जुम्याच्या भाषणात ज्योतिष हराम म्हणून ठणकावून सांगतात, शेजाऱ्यांच्या मुहूर्ताला नावं ठेवतात. त्याच घरात खुंटीला जंतरी लटकलेली असते. हे आजचंही नाही. ७६२ साली खलीफा मन्सूरने बगदादची पायाभरणी ज्योतिषांना विचारून केली. शुभ घटका पाहून वसवलेलं ते शहर १२५८ मध्ये हलाकूने लुटलं. हुमायूं वारानुसार ग्रहांच्या रंगाचे कपडे घालायचा. तो ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला, आणि गच्चीवर चढला होता तो शुक्राचा उदय पाहायला. मुलांना हा धडा फार आवडतो.

इकडे रीलवाल्यांवरही मला हसावंसं वाटत नाही. भाचीला दहा इच्छा लिहाव्याशा वाटल्या, यात चुकीचं काय? जूनमध्ये वर्गात नवी वही उघडतात तेव्हा पहिल्या पानावर सगळ्यांचंच अक्षर सुंदर असतं, ढ मुलांचंही. माणसाला कोरं पान लागतं. रमजानचा चाँद पाहून सिगारेट सोडणारे पुरुष माझ्या घरात आहेत. चाँदरातीला बांगड्या भरताना मलाही दरवर्षी वाटतं की आता काहीतरी नवं सुरू होणार. पण सिगारेट त्या माणसाने सोडली, चंद्राने नव्हे. चंद्रावर ते काम टाकलं, की काम बिघडल्यावर दोषही त्याच्यावरच टाकता येतो. आणि मग सासूबाईंसारखा तो फिरून आपल्याच उरावर येऊन बसतो.

नवा चाँद पाहिल्यावर एक दुआ आहे, आपल्याकडे लहान मुलांनाही शिकवतात. त्यात अल्लाहकडे अमन आणि सलामती मागायची असते. शेवटी थेट चंद्राशी बोललं जातं, माझा आणि तुझा रब एकच आहे म्हणून. अरबी पाठ असते, पण अर्थाकडे आपण लक्ष देत नाही. मी वर्गात एकदा मराठीतून अर्थ सांगितला तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "टीचर, म्हणजे चाँद आपल्या बरोबरीचाच आहे." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

दुकान शेवटी उघडलं. सासूबाईंनी तडजोड काढली, तेरा दिवस जाऊ देत, आखरी चहार शंबापर्यंत थांबायची गरज नाही. मी वाद घातला नाही. भाचीही घालू शकली असती, पण त्या घरात तिला राहायचंय, मला नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा उलटला होता, पंचमी गेली होती, राखीचे ब्लाउजही समोरच्याकडे गेले होते. सफरची तेरावी आली तेव्हा उशाशी काही ठेवलं की नाही, हे मी विचारलं नाही.

सकाळी कुलूप काढलं तेव्हा सासूबाई स्वतः आल्या होत्या. बिस्मिल्लाह म्हणून मशिनीवर हात ठेवला, मग बाहेर स्टुलावर जाऊन बसल्या. पहिलं गिऱ्हाईक पाटलांच्या वाड्यातलं, गौरीच्या दोन साड्या फॉल-पिकोला. मी बटण शिवायचं म्हणून माझा एक कुर्ता नेला होता, तो भाचीने बाजूला ठेवला. म्हणाली, खाला, तुझं नंतर, आधी पैशाचं काम.