सवलतीचा आवळा

हैदराबादेतील नानकरामगुडा भागात २०१९ साली ॲमेझॉन कंपनीने एक प्रचंड इमारत उभी केली. ह्या कंपनीची जगातील सर्वांत मोठी इमारत म्हणून त्या वेळी तिचा बराच गाजावाजा झाला. घरबसल्या खरेदीचा जो व्यापार आज खेडोपाडी पोचला आहे, त्याचे असे मोठे ठाणे त्या शहरात आहे. आणि त्याच शहरातील पोलिसांना सणासुदीच्या तोंडावर नागरिकांना बजावावे लागते की, मोबाईलवर येणाऱ्या सवलतींना भुलू नका, अनोळखी लिंक उघडू नका. बेगमबझारातील पेढीवरचा व्यापारी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत माप घालतो. माल खोटा निघालाच तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येते. ह्या नव्या बाजारात दुकानाला दार नाही नि दुकानदाराला चेहरा नाही.

हैदराबादेच्या ह्या कथेशी गोव्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. आपली कितीतरी मुले आज नोकरीनिमित्त त्या शहरात आहेत. चवथीला किंवा दिवाळीला येणे जमले नाही, तर ती आईसाठी साडी, भावासाठी घड्याळ मोबाईलवरूनच धाडतात. इकडे फोंड्याला वा पेडण्याला आईच्या मोबाईलवर निरोप येतो: ‘आपला पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरून तो दुरुस्त करावा.’ कोणाचे पार्सल कोठे चालले आहे, हे भामट्याला बहुधा ठाऊकही नसते. तो हजारो लोकांना एकच निरोप धाडतो, आणि सणाच्या दिवसांत त्यांतील अनेकांची पार्सले खरोखरीच वाटेत असतात! पाच रुपयांचा आवळा देऊन कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी हा कोहळा काढून घ्यायचा, एवढाच हा धंदा. सणांत तो फोफावतो तो लोक मूर्ख बनतात म्हणून नव्हे. खोटा निरोप त्या दिवसांत खरा वाटावा अशी परिस्थितीच असते म्हणून.

तऱ्हा अनेक आहेत. नामांकित दुकानाच्या नावात एखादे अक्षर बदलून हुबेहूब संकेतस्थळ उभारले जाते. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले की लोक निश्चिंत होतात. वास्तविक ते चित्र, पाठविलेली माहिती वाटेत कोणी वाचणार नाही एवढेच सांगते. पलीकडे बसलेला मनुष्य साव की चोर, हे ते सांगत नाही. ‘पैसे परत मिळण्यासाठी पिन टाका’ ही दुसरी तऱ्हा. यूपीआयमध्ये पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. ही एक गोष्ट घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यास समजावून दिली, तरी कित्येकांची पुंजी वाचेल. व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाईल तर उघडूच नये. तिच्यातून शिरलेला चोर मोबाईलवर येणारे ओटीपीही वाचू शकतो.

तथापि सर्व भार गिऱ्हाइकाच्या सावधगिरीवर टाकून मोकळे होण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या दायित्वाचे नियम घालून दिले. दोष बँकेचाही नाही नि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर तोशीस नाही, हा त्यांतील दिलासा. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे. फसवून काढून घेतलेला क्रमांक आणि बेफिकिरीने सांगितलेला क्रमांक ह्यांत ह्या नियमाने भेद केला नाही.

जाहिरातींचेही तसेच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नोंदलेल्या विक्रीमंचाच्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावयाचे असते. पण भामटा कसला अधिकारी नेमतो! त्याच्या जाहिराती मात्र समाजमाध्यमांवर राजरोस झळकतात, आणि त्या दाखविण्याचे पैसे माध्यमकंपन्या घेतात. अशी जाहिरात एखाद्या वृत्तपत्राने छापली असती, तर वाचकांनी कचेरीत येऊन संपादकास जाब विचारला असता.

बँकांपुरता एक उपाय हैदराबादेतूनच निघाला आहे. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली तेथे स्थापन केलेल्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नामाभिधान देण्याचे काम सोपविण्यात आले, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर जावे असा आदेश निघाला. ज्याला त्याला मिळू न शकणारे नाव हीच खरेपणाची खूण. विक्रेत्यांसाठीही अशी एखादी पारखलेली खूण का असू नये?

दुसरा धडा तेलंगणच्या पोलिसांचा. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार झाली, तर चोराच्या खात्यात पोचलेली रक्कम तेथल्या तेथे गोठविता येते. विलंब झाला की ती खात्यांमागून खाती बदलत नाहीशी होते. पण गोठविलेले पैसे मालकाच्या हाती पडण्यास न्यायालयाच्या खेपा घालाव्या लागतात. तेलंगणच्या सायबर सुरक्षा ब्यूरोने २०२४ मध्ये विधी सेवा प्राधिकरणाच्या साहाय्याने लोकअदालतीमार्फत अशा रकमा परत करण्याचा मार्ग धरला. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून बसलेल्या गोमंतकीयांपैकी किती जणांची रक्कम कोणत्या बँकेत गोठून पडली आहे आणि ती परत करण्यासाठी कोणता मार्ग चालू आहे, हे राज्य सरकारने येत्या चवथीपूर्वी जाहीर करावे.