वकील कोणाचा, घर कोणाचं

घर घ्यायचं ठरलं की आपल्याकडे चौकशीची एक ठरलेली यादी असते. नळ किती दिवसांआड येतो, उन्हाळ्यात बोअरला पाणी राहतं का, मस्जिद किती लांब, शेजार कसा. बुलडाणा असो, चिखली असो की मलकापूर, यादी तीच. वकिलाचं नाव या यादीत नसतं. तो सर्वांत शेवटी येतो, इसार देऊन झाल्यावर, आणि बहुतेक वेळा दलालच त्याला सोबत घेऊन येतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. इसाराचे पैसे खिशातून निघण्याआधी वकील हवा, आणि तो घेणाऱ्याने स्वतः शोधलेला हवा.

मुंबईतले लोक या कामासाठी सॉलिसिटरकडे जातात. आपल्या जिल्ह्यात वकीलसाहेब असतात, नाहीतर तहसीलजवळ टेबल मांडून बसलेले अर्जनवीस. (अर्ज, दस्त, वारस, हक्क, कब्जा. खरेदीखतातले कितीतरी शब्द आमच्या उर्दूच्या वर्गातून उठून गेलेले आहेत, तरी कागद हातात आला की उर्दू शाळेत शिकलेला माणूस घाबरतो.) अर्जनवीस दस्त नीट लिहून देतो, पण विकणारा खरा मालक आहे का हे तपासणं त्याचं काम नाही. दुय्यम निबंधकाचंही नाही. तो दस्त नोंदवतो, मालकीचा निवाडा करत नाही. शिक्का बसला म्हणजे सरकारने हमी दिली, असं लोकांना वाटतं. तशी हमी कोणी देत नाही. नगरपालिकेची कर पावती किंवा फेरफारावरचं नाव यानेही मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मग तपासायचं कोणी?

कर्ज काढणाऱ्याला निदान बँकेचा वकील असतो. तो बँकेसाठी काम करतो, तुमच्यासाठी नाही, पण पैसे अडकू नयेत म्हणून बँक जुने व्यवहार बघून घेते. आपल्यातले अनेक जण व्याज नको म्हणून बँकेच्या दारात जात नाहीत. दागिने विकून, सौदीतल्या भावाकडून मागून, भिशी उचलून रोखीने घर घेतात. नियत चांगली आहे. पण त्यामुळे कागद तपासणारा तो एकमेव तिऱ्हाईत माणूसही निघून जातो. बिनव्याजी घर घेणाऱ्याला वकिलाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आणि आपल्या घरांचा खरा प्रश्न वारसांचा आहे. एक साधं उदाहरण घ्या. वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. शरियतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, बाकीच्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. हिशेब सरळ बसतो: आई एक आणा असं धरलं तर प्रत्येक मुलगी एक आणा, प्रत्येक मुलगा दोन आणे, एकूण आठ. दोन्ही भाऊ सहीला आले तरी त्यांच्याकडे विकायला फक्त अर्धं घर आहे. उरलेलं अर्धं आईचं आणि तीन बहिणींचं. आता आठवून बघा, अशी किती घरं दोन भावांच्या सहीवर पूर्ण विकली गेली आहेत.

इथे वकील निवडण्याची पहिली कसोटी मिळते. कागद पाहिल्याबरोबर जो विचारतो, ‘वडिलांना मुली किती?’, तो कामाचा. काही वकील, अगदी हुशारसुद्धा, सवयीने एकत्र कुटुंबाच्या चौकटीत विचार करतात: वडिलोपार्जित मिळकत, कर्ता, कर्त्याची सही. मुस्लिम कायद्यात कर्ता नावाचा कोणी नाही. वडील गेले त्या क्षणी प्रत्येकाचा हिस्सा वेगळा ठरतो, आणि थोरल्या भावाला धाकट्याच्या हिश्श्याला हात लावता येत नाही. वारसांमध्ये कोणी नाबालिग असेल तर अजून जपायला हवं. आईला नाबालिग मुलांची स्थावर मिळकत आपल्या अधिकारात विकता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने इमामबांदीच्या खटल्यात १९१८ मध्येच स्पष्ट केलं. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ‘आईने सही केली ना’ एवढ्यावर घेतलेलं घर त्या मुलाच्या मिसरूड फुटण्याची वाट बघत उभं असतं.

दुसरी अडचण हिबाची. आपल्यात तोंडी हिबा चालतो: देणाऱ्याने दिलं म्हणायचं, घेणाऱ्याने कबूल करायचं आणि ताबा द्यायचा. सर्वोच्च न्यायालयानेही हफीजा बीबी प्रकरणात (२०११) असा हिबा नोंदणीशिवाय वैध धरला. पण जो नोंदलाच नाही तो सर्च रिपोर्टमध्ये कसा दिसणार? तीस वर्षांचा सर्च स्वच्छ निघेल आणि मागच्या खोलीत राहणारी आपा म्हणेल, अब्बांनी हे मला दिलं होतं. म्हणून चांगला वकील निबंधक कार्यालयातल्या नोंदींवर थांबत नाही. घरात कोण राहतं ते विचारतो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायला लावतो, जुन्या मोहल्ल्यातली जागा असेल तर वक्फची नोंद बघतो. वक्फची जागा चुकून घेतली तर ती कोणाच्याही खरेदीखताने तुमची होत नाही.

‘अपना आदमी है’ म्हणून वकील निवडू नका, हे मी मोहल्ल्यात बोलतो तेव्हा काहींना राग येतो. आपला असणं ही पात्रता नाही. वारसाहक्काचं मुस्लिम कायद्याचं प्रकरण नीट वाचलेला देशमुख किंवा जैन वकील, ते न वाचलेल्या खान साहेबांपेक्षा बरा. उलटही तितकंच खरं. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलचा नियम मनाई करतो, त्यामुळे बोर्ड पाहून काही कळत नाही. ज्यांची वाटणीची भांडणं कोर्टात चालली त्यांना विचारा, समोरच्या बाजूचा कोणता वकील त्यांना जड गेला. आणि विकणाऱ्याला ज्याने सल्ला दिला आहे, त्याच्याकडे त्याच कामासाठी जायचं नाही.

माझ्याकडे पालक कागद घेऊन येतात. ‘सर, इसमें क्या लिखेला है?’ कागद मराठीत, तेही कचेरीच्या मराठीत, आणि सही बहुतेक वेळा होऊन गेलेली. सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, ज्याला लिहवून घेता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहवून घ्यावं, इतका बारीक विचार तिथे आहे. त्यामुळे वकिलाला आधीच सांगा: सहीच्या एक दिवस आधी मसुदा मला समजेल त्या भाषेत ओळीओळीने वाचून दाखवा. तेवढा वेळ नाही म्हणणाऱ्याला फी देऊ नये.

नोटरीच्या स्टॅम्पवरच्या प्लॉटांबद्दल थोडक्यात. १०० रुपयांचा स्टॅम्प २०२४ मध्ये ५०० चा झाला, बाकी काही बदललं नाही. १०० रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. शेतजमिनीत चुना टाकून पाडलेला प्लॉट अकृषक आहे का, लेआउट मंजूर आहे का, एवढे दोन प्रश्न वकिलाने विचारले नाहीत तर दुसरा वकील बघा.

फी आधी ठरवा, आणि व्यवहार मोडला तरी द्यायची अशी ठरवा. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळणार, तो ‘हे घर घेऊ नका’ कशाला म्हणेल?

खरी कसोटी बहिणींच्या सहीला लागते. विकणारे भाऊ म्हणतील, त्यांचं लग्नातच देऊन झालं. लग्नाच्या वेळी लिहून घेतलेला कागदही दाखवतील. वडील जिवंत असताना मुलीने वारसा सोडल्याचा कागद साधारणपणे टिकत नाही, कारण तेव्हा तिच्याकडे सोडायला काही नसतंच. अशा वेळी वकिलाने भावांना सांगायला हवं, बहिणींना बोलवा, जालन्याहून असो की बुऱ्हाणपूरहून, खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात आणि त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्याच खात्यात जातील. भाऊ चिडतील, दलाल म्हणेल गिऱ्हाईक दुसरं आहे. वकील त्यावर अडून राहिला आणि घर हातचं गेलं, तरी त्याची फी हसत द्या.