वर्गासाठी स्पॅनिश देशांचे पदार्थ, काहीही न वगळता

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचे नाव आहे. भाषा वर्गात आली की तिच्या पाठोपाठ त्या देशांचे खाद्यपदार्थही येतात. मग एखाद्या दिवशी घरी निरोप येतो, की स्पॅनिश बोलणाऱ्या देशातील एक शाकाहारी पदार्थ वर्गात वाटण्यासाठी आणावा. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुऊर्जा केंद्र यांमुळे बोईसरला नाना प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली आहेत, त्यामुळे एका वर्गात अनेक घरांच्या चालीरीती शेजारी बसतात. जैन घरातील मुलापुढे मात्र प्रश्न दुहेरी असतो. पदार्थ खरोखर त्या देशाचा हवा आणि तो स्वतःलाही खाता यायला हवा. आपणच आणलेला डबा इतरांनी खावा व आपण पाहत बसावे, अशी वेळ मुलावर येऊ नये.

प्रचलित उपाय असा, की एखादा प्रसिद्ध पदार्थ घ्यायचा आणि त्यातून कांदा, लसूण, बटाटा वगळायचा. त्याने नियम पाळला जातो, पण पदार्थ अर्धा राहतो आणि मुलाच्या मनात आपल्या आहारात काही उणे आहे, ही भावना रुजते. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे मूळ देशातच कंदमुळाविना, अंड्याविना होणारा पदार्थ निवडणे. स्पॅनिश ही सुमारे 20 देशांची भाषा आहे. तेथे असे पदार्थ पुष्कळ आहेत.

पहिला तर चुलीशिवाय होतो. बोईसरहून उत्तरेस वाणगाव आणि डहाणू रोड ओलांडले की घोलवड येते. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण चिकूचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे होय. मेक्सिकोत त्याला आजही ‘चिकोसापोते’ म्हणतात आणि याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम होत असे. 40 मुलांना अर्धा अर्धा चिकू द्यायचा तर दोन किलो पुरतात. जिल्ह्याचे फळ मेक्सिकोचे पाहुणे आहे, हे वर्गाला सांगण्याचा मान आपल्या मुलाला मिळावा.

पश्चिम मेक्सिकोतील हालिस्को प्रांतात ‘पिको दे गायो’ या नावाने फळांच्या फोडी मिळतात. काकडी, संत्रे, अननस यांवर लिंबू पिळून मीठ आणि लाल तिखट भुरभुरले की झाले. तेथे त्यात हिकामा नावाचा कंदही घालतात. तो येथे सहसा मिळत नाही आणि त्यावाचून काही अडत नाही. शाळेबाहेर तिखट-मीठ लावलेला पेरू खाणाऱ्या मुलांना ही चव परकी वाटणार नाही. इतरत्र मात्र याच नावाने टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मिळते, म्हणून प्रांताचे नाव आवर्जून सांगावे.

कोलंबियात उसाच्या गुळाला ‘पानेला’ आणि त्याच्या पाण्याला ‘आग्वापानेला’ म्हणतात. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची महाराष्ट्राची रीत आठवावी, इतके हे पेय जवळचे आहे. चार लिटर पाण्यात अर्धा किलो गूळ घालून उकळावे, गाळावे आणि निवल्यावर सात-आठ लिंबांचा रस घालावा. पाणी उकळलेलेच असल्याने पक्क्या पाण्याचा नियमही आपोआप पाळला जातो.

गोडासाठी ‘आरोस कोन लेचे’ आहे. नावाचा अर्थ ‘दुधातला भात’. तांदूळ स्पेनमध्ये अरबांबरोबर आला आणि पुढे ही खीर अमेरिकेतील देशांत पसरली. आपल्या खिरीहून तिचा भेद वेलचीऐवजी दालचिनी आणि लिंबाची साल एवढाच. पालघर जिल्ह्यातील वाडा कोलम 350 ग्रॅम घ्यावा, दालचिनीचे दोन तुकडे टाकून दुप्पट पाण्यात शिजवावा. मग तीन लिटर दूध आणि दोन लिंबांच्या सालीचा वरचा पिवळा भाग घालून मंद आचेवर ढवळत राहावे. साखर 350 ग्रॅम, तीही शेवटी. लिंबाचा रस मात्र मुळीच पडू नये, दूध फाटेल. स्पेनमध्ये ही खीर पुष्कळदा आदल्या दिवशी करून गार ठेवतात. आपल्याकडे बासी वर्ज्य असल्याने ती त्याच दिवशी पहाटे करावी, आणि बोईसरच्या दमट हवेत ती पहिल्या सुटीतच वाटून संपवावी.

तिथीच्या दिवशी किंवा पर्युषणात हिरवे वर्ज्य करणाऱ्या घरांनी लिंबाऐवजी केवळ दालचिनी वापरावी. कोलंबियाच्या गूळपाण्यात आणि मेक्सिकोच्या खिरीत तशीही रीत आहेच. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबरला आणि स्पेनचा राष्ट्रीय दिन 12 ऑक्टोबरला असतो. दोन्ही चातुर्मासात येतात, हे ध्यानी ठेवावे.

ज्यात थोडा बदल करावा लागतो असा एक पदार्थ मुलांना फार आवडतो, तो म्हणजे ‘एस्कीतेस’. उकडलेले मक्याचे दाणे पेल्यात घालून त्यावर लिंबू, तिखट, चीज आणि मेयोनेज घालतात. 40 मुलांना तीन किलो दाणे लागतील. मेयोनेजमध्ये अंडे असते, म्हणून त्याऐवजी ताजी साय आणि कुस्करलेले पनीर घ्यावे.

नावांच्या बाबतीत सावध राहावे. मेक्सिकोत ‘तोर्तिया’ म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तर स्पेनमध्ये त्याच नावाने अंडी-बटाट्याचा पदार्थ मिळतो. ‘ओर्चाता’ मेक्सिकोत तांदळाची असते, स्पेनमधील वॅलेन्सियात ती एका कंदापासून करतात. राजम्याचे घोटलेले वरण अनेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. घरी तुपात केले तरी त्यावर आंबट साय घातल्यास द्विदलाचा प्रश्न येतो. तयार पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडे व मांस नसल्याची खात्री देतो, कांदा-लसणाची नाही. ती घटकांची यादी वाचूनच करावी.

डब्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. तीत पदार्थाचे नाव, देश, सर्व घटक आणि केलेला बदल लिहावा. एस्कीतेसमध्ये ‘मेयोनेजऐवजी साय’ असे स्पष्ट नमूद असावे. एखाद्या मुलाला दूध सोसत नसेल तर तेही त्या चिठ्ठीमुळे वेळीच कळेल. दुकानात पोत्यावर एक आणि पोत्यात दुसरे असा व्यवहार ज्या घरात चालत नाही, त्या घरातील मुलाला हे समजावून सांगावे लागणार नाही. इतरांच्या डब्यातील न चालणारे तोही मग संकोचाशिवाय, हसतमुखाने नाकारू शकेल, कारण त्याने स्वतः आणलेल्या पानावर सर्वांना, आणि त्यालाही, जागा असेल.