विश्लेषण : जुन्या व्हॅनमध्ये ‘एबीएस’चा दिवा का लागतो?

भारतात एप्रिल २०१९पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ‘एबीएस’ सक्तीचे झाले. तेव्हा घेतलेल्या व्हॅन आता जुन्या झाल्या आहेत. त्यातून शाळेची मुले ने-आण करणाऱ्यांनी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

दिवा लागतो म्हणजे काय होते?

चाकाजवळचा सेन्सर दातेरी किंवा चुंबकी कड्यावरून चाकाचा वेग मोजतो. चिखल, गंज, तुटलेली वायर किंवा खराब बेअरिंगमुळे संकेत बिघडला, की ‘एबीएस’ बंद पडते. साधे ब्रेक चालू राहतात; पण ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन व्हॅन घसरू शकते.

दिवा न लागताही धोका असतो?

होय. गंजाने सेन्सर आणि कड्यातील अंतर वाढले, की कमी वेगात संकेत क्षीण होतो. चाक जाम झाले असे समजून यंत्रणा ब्रेकचा दाब कमी करते. थांबता थांबता पेडल थरथरते आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते.

उपाय काय?

दिव्याचा बल्ब काढणे हा उपाय नव्हे. कोणत्या चाकाचा दोष आहे, ते स्कॅनरवर कळते. नवा सेन्सर घेण्याआधी वायर तपासून सेन्सरची बैठक व कडे साफ करून घ्यावे. ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी जागीच थांबवावी.