पहिला घाणा शेजाऱ्यांचा

रमजान हा संयमाचा महिना, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण वर्षभरात घरातली कढई सर्वांत जास्त वेळा चुलीवर चढते तीही याच महिन्यात, हे मात्र कुणी फारसे मोठ्याने बोलत नाही. यवतमाळ असो, पुसद, दिग्रस, दारव्हा की उमरखेड, असरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या गल्लीत शिरावे. एका दारातून भज्यांचा, दुसऱ्यातून दहीवड्याच्या फोडणीचा, तिसऱ्यातून समोशाचा वास येतो. दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसाला संध्याकाळी फळांची फोड आठवत नाही. त्याला भजे आठवते.

यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र धर्माच्या नावावर खपवण्यासारखेही काही नाही. रोजा सोडावा तो ताज्या खजुराने, ते नसल्यास सुक्या खजुराने, तेही नसल्यास पाण्याच्या घोटाने, एवढीच सुन्नत. बेसनाचा त्यात उल्लेख नाही. भजे हा निव्वळ हिंदुस्थानी स्वयंपाकघराचा हट्ट आहे, आणि वऱ्हाडात आल्यावर तो आणखी पक्का झाला. इथे मुगाची डाळ भिजवून, जाडीभरडी वाटून, हिरवी मिरची आणि भरपूर सांभार घालून जे मूंगवडे होतात, तेच पोळ्याच्या पावसात एका घरी आणि रमजानच्या संध्याकाळी दुसऱ्या घरी होतात. शेजारच्या अमरावतीत ज्याला गिलावडा म्हणतात, तो दस्तरखानावर दहीबडा म्हणून येतो. पोरांसाठी पोंगे तळले जातात. दहाही बोटांत एकेक पोंगा घालून अजानची वाट पाहणारे पोर कोणत्या धर्माचे, हे बोटांवरून सांगता येत नाही.

दस्तरखानावरचा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत इथला पदार्थ म्हणजे हरभरा. सहरीच्या वेळी भिजत घातलेला, दुपारनंतर उकडलेला, कांदा, लिंबू, मिरची घालून परतलेला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे तो सगळे ऋतू फिरून येतो. 2018 साली तो मे-जूनमध्ये होता. तेव्हा या जिल्ह्यातल्या उन्हात भज्याकडे पाहवतही नसे. टरबूज, लिंबाचे सरबत आणि रूह अफजा हाच इफ्तार. (जुन्या दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 साली काढलेल्या हमदर्द दवाखान्यातून हे सरबत आले. मुळात ते उन्हाळ्यावरचे औषध होते, हे अशा उन्हाळ्यात पटते.) यंदा रमजान फाल्गुनात आहे. शेतातला हरभरा नुकताच निघाला आहे, संध्याकाळी थोडा गारवा आहे, आणि कढईला पुन्हा बरे दिवस आले आहेत.

कढईतल्या तेलाचीही एक गोष्ट आहे. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत जवसाचे तेल असे, सरकीचे असे. आता बहुतेक घरांत सोयाबीनचे आहे. म्हणजे भजे ज्यात तळले जाते ते पीक याच जिल्ह्यात होते. तरीही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले; शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू. तेल महाग झाले. पण त्या हंगामात 4892 रुपये हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याखालीच विकले गेले. पुढे मे 2025 मध्ये शुल्क 10 टक्क्यांवर आणले. ज्या घरात शेतीही आहे आणि रमजानही, त्या घराने हा हिशेब दोन्ही बाजूंनी भरला: बाजार समितीत एकदा, किराणा दुकानात एकदा.

हे सगळे तळते कोण? प्रश्न साधा आहे, उत्तर त्याहून साधे. इफ्तारच्या चविष्टपणावर बोलणारे बहुतेक जण पुरुष असतात आणि असर ते मगरिब चुलीपुढे उभ्या असतात त्या घरातल्या बायका, त्यांचाही रोजाच असतो. पहाटे सहरीसाठी त्या सगळ्यांच्या आधी उठलेल्या असतात. मीठ चाखता येत नाही, म्हणून अंदाजावर आणि वासावर चालते. नाहीतर एखाद्या लहानग्याला हाक मारून त्याच्या जिभेवर दाणा ठेवला जातो, कधी घरातल्या, कधी शेजारच्या. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत या बाबतीत एक मजेशीर सवलत आहे: नवरा तापट स्वभावाचा असेल तर बायकोने जिभेच्या टोकाने मीठ पाहून थुंकून टाकले तरी चालते, रोजा जात नाही. फकिहांनी बायकोला सूट दिली, हे बरेच झाले. नवऱ्याने रोज्यात राग आवरावा ही शिकवणही आहेच, पण कालवणात मीठ कमी पडल्यावर ती किती जणांना आठवते, हा वेगळा विषय.

अजान होते, सगळे खजूर तोंडात टाकतात आणि ती मात्र शेवटचा घाणा काढत असते, कारण भजे गरमच हवे. ‘गरमच हवे’ हा आग्रह धरणाऱ्याने झारा हातात घ्यावा, एवढे म्हणायला हरकत नसावी. काही घरांत तरुण मुले कांदा चिरतात, फळे कापतात, दस्तरखान अंथरतात. त्याचे कौतुक होते. कौतुक व्हावे लागते, यातच सगळे आले. रोज पाच तळणीचे पदार्थ असलेच पाहिजेत असेही नाही. मधुमेह आता प्रत्येक गल्लीत आहे. डॉक्टरांचे ऐकून ज्या घरांनी भजे जुम्याला आणि एरवी हरभरा, फळे, दही असा नेम केला, त्या घरांत रमजान कमी झालेला नाही.

तरीही घरचे तळण पूर्ण बंद व्हावे आणि सगळे बाजारातून कागदात बांधून यावे, असे म्हणवत नाही. कारण बाजारातून आणलेले मोजून आणलेले असते. माणसे सहा, तर समोसे बारा. घरचा घाणा मोजका नसतो, आणि त्या जास्तीच्या चार भज्यांवरच एक जुनी रीत उभी आहे: इफ्तारच्या आधी झाकलेले ताट भिंतीवरून पलीकडे जाणे. पलीकडे काकू ते घेतात, भजे आपल्या ताटलीत काढतात, आणि ताट परत येताना त्यात काहीतरी असते. काहीच नसले तर चिमूटभर साखर. भांडे रिकामे परत जात नाही, हा नियम दोन्ही घरांना कुणी वेगवेगळा शिकवलेला नाही.

मंडप घालून, बॅनर लावून, टोप्या वाटून जे इफ्तार होतात त्यांच्याशी या ताटाची तुलना करू नये. तिथे फोटो निघतो. भिंतीवरच्या ताटाचा फोटो नसतो, म्हणून ते कमी झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आणि ते कमी होते आहे. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये सामायिक भिंत नाही. कंपाउंड आहे, फाटक आहे, आणि बहुतेकदा शेजारीही आपल्याच समाजाचा. जिथे शेजार मिश्र उरला आहे तिथे दुसरीच अडचण आली आहे. ताट पुढे करणारी विचार करते, ‘यांना चालेल का?’ घेणारी विचार करते, ‘यात काय असेल?’ दोघीही विचारत नाहीत. ताट आत राहते.

या शंकेचा राग मानण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी कांदा-लसूणही चालत नाही, त्यांनी खिम्याचे समोसे निघालेल्या कढईतल्या भज्याबद्दल विचारावे, हे योग्यच. जुन्या बायकांनी यावर उपाय काढला होता. कढईत नवे तेल पडले की पहिला घाणा शेजाऱ्यांचा. त्यानंतर घरचे, आणि खिमा सगळ्यांत शेवटी. ताट देताना सांगायचेही, ‘काकू, पहिल्या तेलातले आहे.’ एवढ्या एका वाक्यात सगळी शंका मिटत असे. कांदा चालत नसेल तर मुगाचे वडे बिनकांद्याचे. तेही नको असेल तर फळे आणि खजूर. विचारण्यात अपमान नाही आणि सांगण्यात कमीपणा नाही, पण त्यासाठी आधी बोलणे असावे लागते.

यंदा बोलायला निमित्तही आहे. होळीची पुरणपोळी रमजानातच आली. अनेक घरी ती दुपारी पोचली आणि अजानपर्यंत डब्यात थांबली. आता पाडवा 19 मार्चला आहे आणि ईद 20 किंवा 21 ला, चंद्र दिसेल तशी. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 ला होती. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला, ईद 31 ला. सलग तीन वर्षे श्रीखंड आणि शीरखुर्मा एकाच आठवड्यात भिंत ओलांडत आहेत. असेच 2004, 2005 आणि 2006 या तीन वर्षी दिवाळी आणि ईदचे झाले होते, चिवडा-अनारसे आणि शेवया एकमेकांच्या डब्यांतून फिरल्या होत्या. दोन्ही पंचांगे चंद्राचीच, म्हणून हे जुळते. आपल्या पंचांगात अधिक महिना आहे आणि हिजरीत नाही, म्हणून ते सुटते. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. पुढल्या वर्षी पाडवा 7 एप्रिलला जाईल आणि ईद मार्चच्या दहा तारखेच्या आसपास येईल.

शीरखुर्म्याच्या शेवयाही बहुतेक घरी आता पाकिटातून येतात. बाजेला मशीन आवळून, चार घरच्या बायका मिळून शेवया पाडत आणि त्याच अंगणात कुरडया, सरगुंडे वाळत, ते दिवस गेले. त्याचे फार दुःख करण्यात अर्थ नाही. त्या मेहनतीतून सुटका झाली ती बायकांचीच. मशीन माळ्यावर गेली तर जाऊ द्यावी, ताट मात्र खालीच हाताशी असलेले बरे. 2030 च्या जानेवारीत संक्रांत थेट रमजानात येणार आहे, तेव्हा पलीकडून तिळगूळ येईल आणि तो संध्याकाळपर्यंत खजुराशेजारी ठेवावा लागेल.